त्रेचाळीस इंची नवरदेव

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज डायरी. मोठी माणसं लिहितात.
मी टीव्ही लाईनमध्ये आहे. नोएडाच्या कारखान्यात टीव्ही खोक्यात जायच्या आधी त्याच्या चारी कोपऱ्यांना थर्माकोल मीच लावतो. मी नसलो तर देशात एक टीव्ही धड पोचणार नाही. सुपरवायझर मला 'ए महाराष्ट्र' म्हणून हाक मारतो. नाव अजून विचारलं नाही. अख्ख्या राज्याचा मान एकट्याला.
लग्नाचं ठरवलं. मेहकरच्या पुंजाजींची मयुरी. आईनं फोटो पाठवला. मला पसंत. आता फक्त त्यांचं राहिलं.

५ नोव्हेंबर
अडचण. मुलीकडचे २३ तारखेला आमच्या घरी दुसरबीडला येणार. मुलगीही सोबत. पुंजाजींची अट, मुलगा समोर पाहिजे. सुपरवायझर म्हणाला, जा, पण मग परत येऊ नको. म्हणजे माझ्यावाचून त्याचं अडतं.
उपाय सापडला. घरी त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही पाठवणार. मी व्हिडिओ कॉलवर, टीव्हीतून समोर हजर. फोनमध्ये माणूस अंगठ्याएवढा दिसतो. त्रेचाळीस इंचात कोणीही साहेब.

८ नोव्हेंबर
बाबांना फोन. म्हणे, आहे त्या टीव्हीले काय झालं बे? दोन थापडा मारल्या का चालू होते. टेक्नॉलॉजी समजावून सांगितली. मग बाबाच सुरू झाले. पहिले गावात एक टीव्ही होता तं अख्खी गल्ली एका ओट्यावर बसे. मंग डिशची छत्री आली, जो तो आपल्या घरात. मंग मोबाईल आला, जो तो आपल्या कोपऱ्यात. तुह्या मायचं तोंड मले दोन-दोन दिवस दिसत नाही. आता ह्या नव्या टीव्हीत काय दाखवतं? म्हटलं, मले. बाबांनी फोन आईकडे देऊन टाकला. भरून आलं असावं.

१४ नोव्हेंबर
टीव्ही पोचला. संघर्षनं भिंतीवर बसवला. माझ्या वर्गातला पोरगा, गावोगाव छत्र्या अन् वायफाय लावत फिरतो. आई म्हणे लई गुणाचं लेकरू, स्टुलावर चढायच्या आधी चप्पल काढली. मला त्याची कीव येते. तालुक्याबाहेर पडला नाही, काय पाहिलं त्यानं? फोनवर म्हटलं, नोएडाले ये, तुले बी थर्माकोलवर लावतो. तो नुसता हसला. आनंद लपवता येत नाही बिचाऱ्याला.

१८ नोव्हेंबर
तालीम झाली. ह्या टीव्हीला कॅमेरा नसतो. रोज हाताखालून जातो, कधी लक्षात आलं नाही. संघर्षनं तोड काढली. कॉल त्याच्या फोनवर घ्यायचा, फोनमधला मी टीव्हीवर टाकायचा, अन् फोनचा कॅमेरा पाहुण्यांकडे धरायचा. म्हणजे त्यांना मी दिसीन, मला ते. फोन धरून उभा राहील संघर्षच. त्याला बजावलं, तुझं काम फक्त धरायचं. मधात बोलायचं नाही.
आई म्हणे, बाबू, तुहं तोंड सुपाएवढं दिसून राह्यलं, नाकातले केस काप. यालाच क्लॅरिटी म्हणतात.
ठराव: केस कापणे. रोज जोर मारणे.

२२ नोव्हेंबर
केस कापले. जोर उद्यापासून. उद्या कामाला दांडी, ताप आल्याचं सांगणार.
वर रूममेटचा ब्लेझर, खाली बर्मुडा. खालचं टीव्हीत येत नाही. बातम्या देणारेही असेच बसत असतील.

२३ नोव्हेंबर, रविवार
जिंकलो.
किरकोळ गोष्टी आधी. आवाज उशिरा पोचत होता. पुंजाजींनी विचारलं, काय करता? उत्तर पोचायच्या आत पुढचं विचारलं, काही व्यसन? तेवढ्यात माझं पोचलं. रोज बारा तास, रविवारीही सुटत नाही. आईनं सावरलं. मग नेट अडकलं. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, तसाच मी पोहे संपेपर्यंत भिंतीवर होतो म्हणे. मला मात्र त्यांचं ऐकू येत होतं. पुंजाजींनी बाबांना विचारलं, यायले असंच ठेवाचं का काही झाकाचं?
खरी गोष्ट मयुरी. संघर्षनं फोन एक नंबर धरला. पूर्ण वेळ तिच्यावरच, हात हलला नाही. अन् तिनं टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही! सारा वेळ कॅमेऱ्यात, म्हणजे थेट माझ्या डोळ्यात. कधी कॅमेऱ्याच्या जरा वर. लाजेनं. एकदा हळूच म्हणे, हात दुखला असंन, बसा ना. मी तर बसलेलोच होतो. पण काळजी पाहा.

२९ नोव्हेंबर
निरोप नाही. पण खूण चांगली आहे. पुंजाजींनी अस्साच टीव्ही घेतला अन् लावायला संघर्षला मेहकरला बोलावलं. म्हणजे पुढे सासरीही मी मोठा दिसावा. संघर्षला म्हटलं, तिथं माझा विषय काढत जा. तो म्हणे, काढा नाही लागत भाऊ, तुहाच विषय असते, लई हसतेत. बघा, आतापासून घरच्यासारखं.

७ डिसेंबर
संघर्ष पुन्हा मेहकरला. वायरिंग किचकट असणार. फोन केला तर म्हणे, चंदू, तुले एक सांगाचं हाये, राग नको मानू. म्हटलं, लाजू नको, लग्नात तुले कपडे करणार आहोत. त्यानं फोन ठेवला. नंतर बाबांचा फोन. म्हणे, तुले समजून नाही राह्यलं का बे? म्हटलं, आवाज तुटून राह्यला.

१३ डिसेंबर
आईनं सांगितलं. मयुरी घरी म्हणाली, मले टीव्हीतला नाही पाहिजे, टीव्ही लावणारा पाहिजे. पुंजाजी म्हणे, बरोबर हाये, ह्याले चहा देला तं हातात घेता तरी येते.
मी स्वतःच नकार देणार होतो. तिची नजर एका जागी राहत नाही. कॅमेऱ्याच्या वर पाहायची सवय.
संघर्षशी संबंध तोडले. कायमचे.

१६ डिसेंबर
संघर्षचा फोन. रडला. त्यांचं लग्न २८ ला, मेहकरला. स्टेजवर नवरा-नवरीचे फोटो फिरवायला मोठा टीव्ही पाहिजे होता, बाबांनी आमचा देऊन टाकला. काढून नेणाराही तोच, बाकी कोणाला काढता येत नाही. मग म्हणे, भाऊ, तू बी ये ना टीव्हीत. सुरुवातीले साऱ्याइले तूच दिसशीन.
मान राखला पोरानं. माफ केलं.
भाषण करणार. मयुरीला पश्चात्ताप झाला पाहिजे, पण भाषा नम्र ठेवणार.

२८ डिसेंबर, रविवार
पोट दुखतं सांगून कामाला गेलो नाही. पुन्हा ब्लेझर. कॉल लागला, फोन स्टेजवरच टेकवलेला. अख्खा मंडप दिसला, भरलेला. घसा साफ केला. म्हटलं, जय भीम, उपस्थित पाहुणेमंडळी. तेवढ्यात आई कॅमेऱ्याजवळ आली. म्हणे, बाबू, बुद्धवंदना सुरू होऊन राह्यली अन् तुह्या उजेडानं फोटोत नवरीचं तोंड निळं येते. थोडंसं बंद करतो तुले, मंग लावतो.
ब्लेझर काढला नाही. मंग लावतो म्हणाली होती.
संध्याकाळी आईचा फोन. जेवला का? म्हटलं, जेवलो. लग्न कसं वाटलं? म्हटलं, सारं दिसलं, लई छान झालं, नवरी तं घडीघडी माह्याकडंच पाहत होती.
आई म्हणे, बाबू, तुले लावाचं तं राहूनच गेलं रे.