फ्रान्समार्गे तोरणमाळ

१५ फेब्रुवारी १९३८, शहादा
आजपासून रोजनिशी. कारण सायकल आली. पाद्रीसाहेब विलायतेला परत निघाले, सामान विकायला काढले, त्यात ही मिळाली. हिरवी, इंग्लिश बनावट, घंटी खणखणीत. सोबत एक पुस्तक फुकट: फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातले सायकलचे रस्ते. ग्रंथ फार उत्तम. प्रत्येक रूटचा नकाशा, चढाचे चित्र, वाटेत कुठे काय खायला मिळते तेही. तिकडे म्हणे साठीचे म्हातारे जेवणाआधी एक डोंगर चढून येतात. मी अडतीस वर्षांचा. म्हणजे प्रश्नच मिटला.
संकल्प: रोज पहाटे प्रॅक्टिस. चहा बंद.
सायकलवर बसता अजून येत नाही. ते उद्या बघू.

१८ फेब्रुवारी
बसायला जमले. जमिनीवरून टांग टाकणे हा अडाणी प्रकार आहे. मी ओट्यावरून बसतो. सायकल ओट्याला लावायची, वरून शांतपणे बसायचे, पायाने ओटा ढकलून निघायचे. उतरायला झाड लागते. मिठी मारली की झाले. आमची मंडळी, म्हणजे दगू, दारातून पाहत होती. तिने चहा आणला. गारठा होता, म्हणून घेतला.

२० फेब्रुवारी, रविवार
कळसाडीला वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, जाऊन आलो. बैलगाडीने. सायकल नेणार होतो, पण वाटेत ओटे किती आहेत याची नक्की माहिती नव्हती.
भलताच प्रसंग ओढवला. आमचा जुना सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, छगन अखाजीला (अक्षयतृतीयेला) काम सोडतो आहे. अखाजीला सालदारांचे साल संपते आणि नवे सुरू होते, त्यामुळे आबा आतापासून घोरात. मला म्हणाले, वावर कोन दखी? तूच ये. मी म्हटले, मी मास्तर आहे, शाळेचे काय? तर म्हणे, खुर्चीवर बशीबशी तुन्हा पाय वाळी गयात, त्या पहिले हालाड.
मला राग आला. म्हटले, आबा, मी फ्रान्समधल्या रस्त्यांचा अभ्यास करतो आहे, चढाच्या रस्त्यांचा. आबांना फ्रान्सऐवजी फरशी ऐकू आली, म्हणजे गोमाई नदीवरचा बुटका पूल. म्हणाले, फरशी ते गोमाईवर शे, तठे कसाना चढ? पूर, पाणी, बैलगाड्या यांत फरशीवरून जायला अभ्यास कशाला, असे चारचौघांत विचारले. लोक हसले. मी बोलून गेलो की सायकलने तोरणमाळ चढून दाखवतो.
आबांनी शब्द धरला. तोरणमाळ चढना ते ऱ्हाय तुन्ही शाळामां, नही चढना ते अखाजीले कळसाडी. सगळा ओटा साक्षीदार.

२१ फेब्रुवारी
झोप लागली नाही. नांगर धरण्याची मला भीती नाही, तो मी लहानपणी धरलेला आहे. बैल नंतर मला पुरून उरले तो भाग वेगळा. पण शाळा सुटली तर? सकाळी वर्गात जाऊन भिंतीवर नकाशा टांगतो तेव्हा पोरे एकदम गप्प होतात. तेवढ्या क्षणापुरता मी कोणीतरी असतो. ते मला सोडायचे नाही. हे दगूलाही सांगितले नाही.
तयारीला लागलो. तोरणमाळ म्हणजे पुस्तकातल्या सातव्या रूटसारखाच आहे: आधी नदीचे खोरे (तिकडे ऱ्होन, इकडे गोमाई), मग गावे, मग जंगल, मग वळणावळणाचा घाट. तिकडे द्राक्षांचे मळे, इकडे कपाशी. तिकडे चेस्टनटचे जंगल, इकडे मोहाचे. फरक असा नाहीच.

५ मार्च
एक अडचण. चढाची प्रॅक्टिस करायची, तर शहाद्यात चढच नाही. तापीकाठचा सगळा प्रदेश पाटासारखा सपाट. शेवटी एका जिनिंगमध्ये कपाशीच्या गाड्या वर नेण्याचा उतार सापडला. तिथे सराव केला. वर पोचलो आणि झाड नव्हते. कपाशीच्या ढिगाला मिठी मारली. दुखापत नाही. पुस्तकात लिहिले आहे की फ्रान्समध्ये बर्फात पडणारे असतात, त्या मानाने आपले पडणे पुष्कळ स्वच्छ. मुकादमाने पुन्हा येऊ नका म्हणून विनंती केली. कपाशीला माणूस लागलेला चालत नाही म्हणे.

१२ मार्च
शाळेत हेडमास्तरांनी बोलावले. चौथीला पश्चिम खानदेश जिल्हा शिकवायचा आहे. परीक्षेला इन्स्पेक्टरसाहेब आले, त्यांनी शहादा कोणत्या नदीकाठी विचारले. वर्गाने एका आवाजात ऱ्होन सांगितले. मला समाधान वाटले, कारण आवाज खणखणीत होता. हेडमास्तरांना वाटले नाही.

१८ मार्च
होळी झाली. तीन दिवस प्रॅक्टिस नाही. सण असतो, माणसे असतात. पुस्तकातही विश्रांतीचे महत्त्व सांगितले आहे. एकूण विश्रांती चांगली जमू लागली.

३ एप्रिल
ऊन कडक. पहाटे निघायचे ठरते, पण पहाटे झोप फार गोड लागते आणि नंतर ऊन होते. यात माझा दोष दिसत नाही. त्यापेक्षा रूट पक्का केला. प्रत्येक मुक्कामाला एक ओटा आणि एक झाड पाहिजे. लोणखेड्याला मारुतीचा पार आहे, तो ओटा आणि पिंपळ दोन्ही एकाच जागी, म्हणजे फ्रान्समध्येही अशी सोय नसेल. दगूने यादी पाहिली आणि म्हणाली, तुमले उतराले झाड लागस ना, मंग डोंगरमां झाडंच झाडं शेतस. बायकोला आता विषयात गोडी वाटू लागली आहे.

१४ एप्रिल
लोणखेड्यापर्यंत रंगीत तालीम. यशस्वी. जाताना सायकलवर, येताना सायकलबरोबर. परतीचा वारा समोरून होता.

२३ एप्रिल, शनिवार
शाळेला सुटी लागली. आज प्रस्थान. दगूने दशम्या बांधून दिल्या, कपाळाला कुंकू लावले आणि म्हणाली, कुठे धडकू नका. डोळे भरले होते तिचे. मला वाटते अभिमानाने.
राणीपूरपर्यंत पोचलो. वाटेत काही अंतर बैलगाडीवाल्याने गाडीत घेतले. सायकलही गाडीत होती, म्हणजे एकमेकांना सोडले नाही. तोरणमाळचा डोंगर समोर आहे. पुस्तकातल्या चित्रापेक्षा उंच दिसतो. चित्रे छोटी छापतात.

२४ एप्रिल
घाट सुरू झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी पुस्तकात नाही. डोंगरात ओटे नसतात. एकदा उतरलो की परत बसणार कसे? एका खडकावरून प्रयत्न केला. खडक हलला.
तिथे वीरसिंग नावाचा गडी भेटला. वरच्या पाड्याचा, उंच, हातात कुऱ्हाड, कामाच्या शोधात खाली निघालेला. बराच वेळ पाहत उभा होता. मग विचारले, हाई गाडी तुले लई जास का तू हिले लई जास? मला एकेरी बोलला, पण डोंगरातली माणसे सगळ्यांनाच बोलतात, म्हणून मनावर घेतले नाही. पुस्तकात म्हटले आहे की अनोळखी डोंगरात वाटाड्या घ्यावा. त्याला घेतला. मी बसताना त्याने खांदा दिला. खांदा ओट्यापेक्षा उत्तम. पण दर वळणाला उतरून परत चढायचे म्हणजे त्याचा खांदा आणि माझी छाती दोन्ही दमले.
ठरवले, सायकल त्याने पुढे न्यावी, मी मागून येतो. वाटेत माझ्यासाठी थांबायचे, हे मी बोललो नाही. बोलायला हवे होते. मी तोरणमाळला न्यायची एवढेच म्हटले. तो ती खांद्यावर टाकून गेला आणि दिसेनासा झाला. मी मोहाखाली बसलो. दशमी खाल्ली. पुढे गेलो नाही, कारण सायकल नसताना सायकलचा प्रवास करणे फसवणूक झाली असती.

२५ एप्रिल
वीरसिंग सकाळी सायकल घेऊन परत आला. वरच्या तलावापर्यंत नेऊन आणली म्हणाला. पाड्यावरच्या लोकांनी घंटी वाजवून पाहिली. एका म्हातारीने विचारले, हिचा मालक मेला का?
म्हणजे सायकल तोरणमाळला पोचली. हे महत्त्वाचे. अट काय होती, तर सायकलने तोरणमाळ चढायचे. सायकलने चढले. भाषा नीट पाहिली पाहिजे, मी मास्तर आहे.
आता उतार. पुस्तक म्हणते, उतार हे चढणाऱ्याचे बक्षीस. वीरसिंगने खांदा दिला, मी बसलो आणि बक्षीस घ्यायला निघालो. ब्रेक लागत होते, पण फार विचार करून. झाडे बाजूने भराभर गेली, एकाही झाडाने थांबू दिले नाही. शेवटी करवंदाची जाळी आली. जाळीने थांबवले.
डावा पाय सुजला आहे. काटे वीरसिंगने काढले. आधी सायकल पुढच्या वळणावर नेऊन ठेवायचा, मग परत येऊन मला न्यायचा. उतारभर असे चालले. मी त्याला पुस्तकातल्या रूटविषयी सांगत होतो. तो म्हणाला, बोलजो नको, जड होस.

२७ एप्रिल, कळसाडी
राणीपूरहून गाडी मिळाली ती थेट आमच्या गावाची. नशीब. घरासमोर सगळे जमले होते. वीरसिंगने मला गाडीतून उचलून ओट्यावर ठेवले आणि सायकल भिंतीला टेकवली. दोन्हीही एकाच पद्धतीने ठेवले, हे मला लागले.
आबांनी विचारले, चढना का? मी भाषेचा मुद्दा मांडला. कर्ता कोण, कर्म कोण, हे उदाहरणासहित सांगितले. आबा ऐकत नव्हते. ते वीरसिंगचे हात पाहत होते. मग त्याला म्हणाले, पानी ले, बठ, भाकर खा. मला कोणी भाकर विचारली नाही. मागितल्यावर दिली.
अखाजीला पाच दिवस उरले. इथेच पडून आहे. खिडकीतून वावर दिसते. रात्री दगू आली, तिला म्हटले, आता नकाशा कोण टांगील? ती माझा पाय चोळत बसली.

२ मे, अखाजी
खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. आंब्याच्या झाडाला मुलींचे झोके. मी ओट्यावर, पाय उशीवर. आबा येऊन उभे राहिले तेव्हा मी हातातली पोळी ताटात ठेवली. जे व्हायचे ते आज होणार होते.
आबा म्हणाले, वीरसिंगले सालदार ठेयं मी. आजपासून.
मी म्हटले, आणि मी?
तर आबा म्हणाले, तुले वावरमां लई जासू ते तुले उचलाले आखो एक सालदार ठेवना पडी. तू ऱ्हाय तुन्ही शाळामां.
म्हणजे जिंकलो! शाळा राहिली, नकाशा राहिला, चौथी राहिली. आबांनी माझी योग्यता ओळखली, जरा उशिरा, पण ओळखली. आनंदाने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तिसरी मात्र का कोण जाणे गेली नाही.
सायकल कळसाडीलाच ठेवायची असे ठरले. वीरसिंगला वावरात भाकरी पोचवायला उपयोगी पडेल. तो अजून शिकलेला नाही. मी लगेच म्हटले, काळजी नको, मी शिकवतो त्याला, पहिल्यापासून, ओट्यावरून. आबा, दगू आणि वीरसिंग तिघेही एकदम नको म्हणाले.