तू बसवलेली पट्टी

प्रिय चिरंजीव,

रागात आहे, तरी ‘प्रिय’ लिहिल्यावाचून हात पुढे सरकेना. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणतोस आणि मनातलं तेच करतोस.

मागच्या सुट्टीत आलास, कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणालास आणि तुझ्या जुन्या मशीनमधली रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी माझ्या मशीनमध्ये बसवून गेलास. तेव्हापासून कॉम्प्युटर लिहिता लिहिता अचानक बंद पडू लागला. पुन्हा चालू करावा तर काही फायली उघडायच्या नाहीत. शाळेतल्या कविता मी आठवून आठवून टाइप केल्या होत्या, त्यांत मधेच चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तुला सांगितलं, तर म्हणे तुम्हीच वायर ओढली असेल, तुम्हीच भलतं काहीतरी दाबलं असेल. वर ताईला सांगितलंस, बाबांचं डोकं आता चालत नाही, त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही. ती माझीही मुलगी आहे रे. शब्दन्‌शब्द मला कळला.

अरे, त्या कविता गुरुजींनी बाकावर उभं करून पाठ करून घेतल्या होत्या. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, त्यात खडूची धूळ तरंगायची आणि अख्खा वर्ग एका सुरात डुलायचा. लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून त्यांची धृपदं ओरडायचास. मी त्यांत चुकेन?

मग पेटलोच. दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा, असा तुझा हुकूम. नाही चालवला. मशीनच वेडंवाकडं वागत असताना दुरुस्ती केली तर आहे तेही जायचं. एकच कविता उघडली, मशीन बंद करून पुन्हा उघडली. आधी तिसरी ओळ फुटलेली. नंतर तिसरी धडधाकट आणि सातवी फुटलेली! डिस्कवरच चूक असती तर दरवेळी तीच ओळ फुटली असती. मग तुझी पट्टी काढली. कविता सुरळीत. नुसती तुझी ठेवून मेमरीची तपासणी लावली, तर पडदा चुकांनी लालेलाल. ती फेकली, सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच दुरुस्ती चालवली. बंद पडताना ज्या फायली खरोखर गेल्या होत्या, त्या पुन्हा टाइप केल्या. पाठ होत्या ना!

हे सगळं तुला ऐकवायचंही नव्हतं. पण आज सकाळी ज्येष्ठांच्या कुठल्याशा निवासातून एका बाईंचा फोन आला. घरचा नंबर म्हणून तू हाच देऊन ठेवलास, शहाण्या. माझा आवाज त्यांना तुझाच वाटला. आजोबांच्या पलंगाला कठडा लावायचा का, रात्री उठून भटकतात का, असं त्या फार मायेने विचारत होत्या. मी म्हटलं, आजोबा ठणठणीत आहेत, खोली दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी लगेच माझं नाव खोडलं. तुझ्या वतीने आभारही मानले मी.

तुझाच, आणि स्वतःच्याच घरात राहणारा,
बाबा