तिसरी खाच

उंद्री, १२ नोव्हेंबर १९६७

जळगाव जामोदच्या शाळेत उद्या शिक्षिका म्हणून हजर व्हायचं. आई म्हणते, "एकटी पोरगी तिकडं राहीन कशी?" बाबा आठ दिवस गप्प. त्यांच्या होकाराशिवाय पाय निघणार नाही माझा.

आणि संध्याकाळी मी काय घेऊन बसले? लहानपणीची लाकडी गाडी! बाबांनीच तासून केलेली. दोरीनं ओढून दगडावर चढवायला गेलं की मागे उलटायची. मागच्या चाकांचा आस बसवायला खाली तीन खाचा आहेत. तिसरी कधी वापरलीच नाही. गाडी लांबुळकी दिसते, म्हणून ती नकोच असा मीच हट्ट धरलेला.

आज सुतळी सोडून आस तिसऱ्या खाचेत बांधला. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढलं आणि अंगणातला दगड गाडी सरळ चढली. बी.एस्सी. झाले, तरी हे आज सुचलं!

"बाबा, तिसरी खाच काऊन पाडली होती?"

"तू मोठी झाल्यावर लागन म्हनून. चाकं दूर नेल्याबिगर चढत नाही न वं गाडी." मग हळूच म्हणाले, "उद्या मोटर किती वाजता हाय?"

तिसरी खाच... मला दूर जाऊ द्यायचं तेव्हापासूनच ठरवलं होतं का त्यांनी?

गाडी अजून दगडावरच आहे. खाली घेतलीच नाही मी.