तीनशे सतरा सू

दोहा, ९ मार्च २००४

ती. मिल्कामावशीस,
मालविकाचा शि. सा. नमस्कार.

मावशी, आधी बस, चष्मा लाव आणि मग वाच. लंडनच्या त्या ज्यू वंशावळींवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा ईमेल आलाय. या वर्षीचा त्यांचा मानाचा पुरस्कार अलिबागच्या मिस मिल्का झिराडकर यांना. म्हणजे तुला. मी अल सद्दच्या घरात एकटीच नाचले. खालच्या सुरय्याभाभी काय झालं म्हणून विचारायला वर आल्या, तर त्यांनाही नाचवलं.

तीस वर्षं तू कोकणातल्या बेने इस्रायली दफनभूमी पालथ्या घातल्यास, लग्नपत्रिका जमवल्यास, म्हाताऱ्यांना बोलतं केलंस, आणि आळीतले लोक विचारायचे की मेलेल्यांची शिरगणती करून हिला काय मिळणार. आता सांग त्यांना. थोडं श्रेय आमच्या ओवीलाही दे हं. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर, पण तुझ्या वह्या कॉम्प्युटरवर इंग्रजीत चढवताना तिची अख्खी सुट्टी गेली.

निवड समितीने खास कौतुक केलंय ते एका शोधाचं. तुझ्या यादीत ३१७ बायकांचं पहिलं नाव एकच आहे, सू. असं नाव दुसऱ्या कुठल्याच ज्यू समाजात त्यांना सापडलेलं नाही. नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून जी सात जोडपी वाचली, त्यांतल्या एखाद्या मूळ आईचं ते असावं असा त्यांचा कयास आहे. ही सू कोण गं? मी तुझ्या शेजारी लहानाची मोठी झाले, पण तू कधी बोलली नाहीस. यादी सोबत पाठवते आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी मालविका


अलिबाग, २५ मार्च २००४

चि. सौ. मालविकास,
शालोम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग यादी पाहिली आणि इतकी हसले, की केरबा पोस्टमन कोपऱ्यावरून परत आला आणि मला पाणी देऊन गेला. अगं वेडे, या पत्राचा मायना पुन्हा वाच. तुझ्या नावाआधी काय लिहिलंय? सौ. सौभाग्यवती. तुझ्या लेकीने त्याचे एस, ओ, यू केले आणि तेच बाईचं नाव समजून पहिल्या रकान्यात बसवलं. खरी नावं बिचारी दुसऱ्या रकान्यात ढकलली गेली. ३१७ सौभाग्यवतींची लंडनकरांनी एक मूळमाया करून टाकली.

ओवीला रागावू नकोस. पण त्यांना आजच्या आज कळव. पुरस्कार जाईल हे मला कळतंय, आणि खोटं कशाला सांगू, मला तो हवाय. बाहत्तराव्या वर्षी माझ्या वह्या पहिल्यांदा कोणीतरी उघडून वाचल्या. पण मी इतकी वर्षं शोधत काय होते? जुन्या कागदांत सगळी बाप्यांची नावं. बायका म्हणजे हसाजीचं कुटुंब, आबाजीचं कुटुंब. एकेक शेगुला, एकेक एलिशेबा मी दारोदार विचारून मिळवली. त्यांना परत नुसतं सौ. करून ठेवायचं असेल तर वह्या चुलीत घातलेल्या बऱ्या.

लोभाला ओहोटी नको.
मिल्कामावशी


दोहा, १८ एप्रिल २००४

ती. मावशीस,
कान धरून नमस्कार.

कबूल करते, तुझं पत्र मी पाच दिवस दाबून ठेवलं. आमच्या नवरोबांचं, विजयचं म्हणणं, तिकीट आलंय, समारंभ उरकू दे, मग सावकाश सांगू, खलास. माझाही पाय घसरला. तुला हिरव्या नऊवारीत त्या व्यासपीठावर मी मनात कधीच उभी केली होती.

ओवीने आमचं बोलणं ऐकलं. आधी भोकाड पसरलं, मग कॉम्प्युटरपुढे बसून ३१७ नावं एकेक करून जागेवर लावली. शेगुला कसं म्हणायचं, एलिशेबा कसं म्हणायचं, हे मला मराठीतून विचारत होती. पत्रात तिने लिहिलं की चूक माझी आहे, आजीची नाही. आणि इथल्यासारखं यल्ला, म्हणजे चला, म्हणून पाठवायचं बटणही तिनेच दाबलं. चार दिवस घरात कोणाला जेवण गोड लागलं नाही.

आज उत्तर आलं. समिती पुन्हा बसली. मूळमाया रद्द झाली. पण खरी नावं वाचल्यावर त्यांना हे काम आधीपेक्षा मोठं वाटलं. इतक्या बायका स्वतःच्या नावानिशी त्यांनी कुठल्याच वंशावळीत पाहिल्या नव्हत्या. पुरस्कार तुझाच, मावशी. भाषणाला पाच मिनिटं मिळतील, घंटा वाजली की बसायचं. मी पुन्हा नाचले, या वेळी विजयलाही सोडलं नाही.

रागावली असलीस तरी जीव लावत राहा.
तुझी मालविका


लंडन, ६ जुलै २००४

चि. सौ. मालविका आणि चि. ओवीस,
शालोम आणि दोघींच्या गालांना पापे.

परतताना दोन दिवस तुमच्याकडे उतरते आहे. त्या तुमच्या हमूर माशाचं नारळाच्या दुधातलं कालवण मीच करीन, तू मसाल्याला हात लावू नकोस.

आता समारंभाचं ऐका. पाठ केलेलं इंग्रजी भाषण मी व्यासपीठावर साफ विसरले. मग पिशवीतून ओवीची यादी काढली आणि सरळ नावं वाचायला लागले. नाव, गाव, पुढचं नाव. पन्नासेक झाली असतील, घंटा वाजली. इथली माणसं शिस्तीची, म्हणून मी कागद मिटला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक नव्वदीची बाई काठी टेकत उठली. चक्क आपल्या अलिबागी मराठीत तिने मला दटावलं, की खाली बसू नकोस, माझी आजी अजून यायचीय. अध्यक्षांना काही कळेना, तेव्हा मीच त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी घंटा उचलून टेबलाखाली ठेवली.

मी वाचत राहिले. तिला खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, पण ती बसेना. दोनशे बारावं नाव आलं, एलिशेबा, गाव थळ. ते ऐकलं आणि मग ती खाली बसली.

तुमची माया असू द्या.
मिल्का