दानाची ताटे भरून परत आली

सोलापूर, २ मार्च १९३४

तीर्थरूप दानिएल मामांस एलीयाचा हात जोडून शालोम. आपला गुडघा व मामींचा खोकला, दोहोंची खुशाली (वेगवेगळी) कळवावी.

काल आपला पुरीमचा सण झाला, मामा! म्हणजे झाला असे मला वाटते. शेवटी आपण ठरवावे. आपली आज्ञा होती की सूर्य मावळायच्या आत दोन गरिबांच्या हाती दान पडलेच पाहिजे, आणि एकट्या मुलाकडून सण निभतो का हे आपण पाहणार. म्हणून मी दोन गरीब आठ दिवस आधीच हेरून ठेवले होते. एक शेजारच्या काशम्मा, विणकराच्या विधवा. मागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून देतात. दुसरा सिदू, गिरणीत हात जायबंदी झाल्यापासून घरी बसून आहे.

परवा एस्तेर राणीचा उपवास धरला. काल पहाटे पुरणपोळ्या केल्या (पहिल्या चार फाटल्या, त्या मीच खाल्ल्या), दोन पितळी ताटे भरली, प्रत्येकावर एक नवी चादर ठेवली आणि दोन्ही घरी पोचती केली. आठाच्या आत दान आटोपले. मालधक्क्यावर कामाला जाताना मी चक्क शीळ घातली.

दुपारी जेवायला परत येतो तो दारात दोन्ही ताटे भरलेली. भांडे रिकामे परत करीत नाहीत हे माझ्या ध्यानातच नव्हते. (आपल्याकडेही करीत नाहीत, पण ते मामी पाहतात.) काशम्मांच्या ताटात दहा भाकऱ्या आणि शेंगांची चटणी, सिदूच्या ताटात पाय बांधलेली जिवंत कोंबडी. दोन्हींवर माझ्या चादरी, घडीसुद्धा न मोडलेल्या. दिले त्याहून जास्त आले. हे दान कसले, मामा, हा तर आहेर झाला. मी तसाच काशम्मांच्या दारी धावलो.

"काल दिवसभर तुजी चूल पेटली न्हाय," त्या म्हणाल्या. "सगळ्या गल्लीनं बगितलं. आन् आज चादरी वाटत फिरतोस व्हय रे?"

उपवासामुळे गल्लीने मलाच गरीब ठरविले होते. कोंबडी तर सिदूने घरोघर वर्गणी काढून आणली होती. मी राणीची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागलो, पण राणीच्या वैऱ्याला, हामानाला, फाशी होईपर्यंत पाच वाजून गेले (कामाची दुपार बुडाली ती वेगळीच) आणि ऊन कलले. तेव्हा एकाएकी सुचले. ताट परत करावे लागते, पत्रावळ नाही. धावत जाऊन दोन पत्रावळी आणल्या, उरलेल्या पोळ्या वाढल्या, सिदूलाही हाक मारली.

काशम्मांनी पत्रावळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ओळखले.

"घेते की," म्हणाल्या. "पर तूबी हितंच बस. एकट्यानं वाडून एकट्यानं खातो, त्यो खरा गरीब."

तिघे ओसरीवर जेवलो. दोघांनी शेवटचा घास घेतला तेव्हा भिंतीवर ऊन चार बोटे उरले होते. (मी बोटे लावून पाहिली.)

मामींस शालोम.
आपला आज्ञाधारक भाचा,
एलीया

ता. क. कोंबडी आपल्या धर्मरीतीने कापणारा माणूस इथे नाही, म्हणून ती जिवंत आहे. आज तिने अंडे घातले. ते काशम्मांना दिले. ताटात दिले नाही.

दुसरा ता. क. काशम्मांच्या हिशेबाने पाहता एक गरीब अजून उरला आहे, आणि तो मी. किहीमकरांच्या मलकाशी माझ्या लग्नाविषयी "सणाचे पाहू, मग बोलू" असे आपण लिहिले होते. सण झाला. आता बोलावे. दानाला उशीर करू नये हे आपणच शिकविले आहे.

तिसरा ता. क. चादरी दोघांनीही शेवटपर्यंत घेतल्या नाहीत. काशम्मा म्हणतात, जोडी आहे, राहू दे.