उरलेली अर्धी ठीक आहे

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ताडकन उठली असशील. ऊठ, तेवढाच पायांना व्यायाम. माझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखं. गावच्या शाळेत सातवीपर्यंत गुरुजींनी हात टेकले, आता तू टेक. पत्र कशाला, मोबाइलवरच्या कप्प्यात का नाही लिहिलंस, असं म्हणशील. सांगते. पण आधी माझ्या चार गमती ऐकायच्या. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

ती कप्प्यांची भानगड मी आता शेजारच्या शिंपीणबाईला समजावून सांगते बरं का, तुझ्यापेक्षा बरं जमतं मला. दूर कुठंतरी एक भलंमोठं कपाट आहे, त्याला नुसते कप्पे. कप्प्यावर नाव, आत चिठ्ठी. आईची तब्येत, आईचं औषध, आईचं सामान. मागितलं की उठून काढून देणारा कुणी मधे बसलेला नाही. तू तुझ्या मोबाइलवरून, तुझा दादा त्याच्या, मी माझ्या, तिघंही थेट कपाटात हात घालतो. मधला नाही म्हणजे तो झोपला म्हणून काम अडलं, असं होत नाही. ऑफिसात तू हेच करतेस आणि त्यासाठी तुला खुर्ची, पंखा आणि पगार देतात, हे ऐकून शिंपीणबाई म्हणाली, मलाही चिकटवा तिथं.

बाबा गेल्यावर महिन्याभरात तू हे आपल्या तिघांसाठी बनवलंस. नाक ओढत ओढत करत होतीस, मी दारातून बघत होते. म्हणून त्याला नावं ठेवायला जीभ उचलत नाही. तरी चपलांचं मी विसरणार नाही हां. माझी चप्पल तुटली, मी सामानाच्या कप्प्यात लिहिलं. तू बघितलंस, अजून कुणी मागवली नव्हती. त्याच घटकेला दादानं बघितलं, त्यालाही तेच दिसलं. दोन जोड आले! पाय काय मला चार आहेत? मग तू त्यात नियम घातलास, की आपली चिठ्ठी ठेवण्याआधी पुन्हा एकदा बघायचं, मधल्या वेळात कुणी बदलली असेल तर आपली मागे घ्यायची. तेव्हा तू बोललीस ते माझ्या डोक्यात बसलंय. मधला माणूस काढला की त्याचं शहाणपण दोन्ही टोकांच्या लोकांना स्वतःजवळ ठेवावं लागतं, म्हणालीस. कपाट बिचारं अडाणी. त्याला कप्प्याचं नाव कळतं, आतली चिठ्ठी काय म्हणते ते कळत नाही.

तुझे बाबा जन्मभर कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीत बसले. कुणी मोठा नट मागायला आला की हे आधी त्याच्या हातातला बोल्ट बघायचे आणि न बोलता लहान नट पुढं सरकवायचे. घरीही तेच. तुझा फोन आला की मी आतून ओरडायची, सांगा ठीक आहे म्हणून. आणि हे फोनवर हळूच सांगायचे, ठीक म्हणतेय पण सकाळपासून भांडी आपटतेय. की लगेच तुझा प्रश्न, आई, काय झालं गं? तू आणि मी सरळ कधी बोललोच नाही बघ. त्या खिडकीतूनच सगळा कारभार. आता कारखान्यातली खिडकीही बंद केली म्हणे, ज्याला हवं त्यानं आत जाऊन घ्यावं. इथं मी दोन खुर्च्यांपैकी एकीवर कपडे वाळत घालते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

तर आता गंमत. रोज सकाळी तब्येतीच्या कप्प्यात मी काही लिहिलं की तुमच्याकडं हिरवा ठिपका येतो. नाही लिहिलं की लाल. एकदा मुद्दाम नाही लिहिलं, म्हटलं बघू तरी. तुझा फोन आला. आई विसरलीस का, भर बरं पटकन, मी मीटिंगमध्ये आहे. इतकंच. पण आवाज ऐकला, दिवस बरा गेला. मग मला खाज सुटली. एक दिवस लिहिलं, आज छपरावर नाचले. हिरवा ठिपका. दुसऱ्या दिवशी लिहिलं, शिंपीणबाईच्या सासऱ्याबरोबर पळून चालले आहे. हिरवा. मग लिहिलं, वाघानं अर्धी खाल्ली, उरलेली अर्धी ठीक आहे. तेही हिरवं! मी एकटीच खदाखदा हसले. हसून झाल्यावर घर फार मोठं वाटलं. टाळी द्यायला कुणी नव्हतं, आणि कळलं की पलीकडंही कुणी नाही. तुम्ही ठिपका बघता. चिठ्ठी कुणी उघडत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. माझ्या काखेत गाठ आली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढून तपासायला पाठवू, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या बुधवारी या. घरी आले आणि गंमत न करता कप्प्यात लिहिलं, गाठ आहे, कापणार आहेत, एकटीला जायला भीती वाटते. हिरवा ठिपका. तेव्हापासून रोज सकाळी तीच चिठ्ठी टाकते, रोज हिरवं होतं. रागावले नाही गं, तुला तरी कसं कळणार, खिडकीतला माणूस गेला ना आपला. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सोबत कोण येणार? आणि तुला न विचारता मी सांगून बसले, माझी मुलगी. तेव्हा आता माझी लाज राख. येते म्हणून कप्प्यात लिहू नकोस, मी उघडणार नाही. मधे कुणी नको म्हणतेस ना, मग सरळ ये आणि दार वाजव. खुर्चीवरचे कपडे काढून ठेवते.

तुझीच,
वाघाला पुरून उरलेली
आई