थोरल्याकडे उरलेल्या चौदा रिक्वेस्ट

३ जून, मंगळवार

सुटले! पुस्तकशोध आज नव्या सर्व्हरवर गेला आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. आमच्या कामात कुणाला काही न कळणं हीच शाबासकी.

आजवर लायब्ररीच्या वेबसाइटवर कुणी काहीही मागितलं तरी ते एकाच जुन्या सर्व्हरकडे जायचं — आम्ही त्याला थोरला म्हणतो. आता मी दारातच एक प्रोग्राम बसवलाय. आलेली प्रत्येक रिक्वेस्ट तो वाचतो. शोध असेल तर एकीकडे, मुदतवाढ दुसरीकडे, बोलकी पुस्तकं तिसरीकडे. जिला कुठलाच नियम लागू नाही ती पूर्वीसारखी थोरल्याकडे. तिथे येणं शून्यावर आलं की तीस तारखेला तो कायमचा बंद.

अडचण एकच. थोरला बांधला आप्पांनी — माझ्या सासऱ्यांनी! बावीस वर्षं सांभाळला. निवृत्त झाल्यापासून नुसते खिडकीशी बसून असतात. नवरा म्हणतो, "त्यांच्यासमोर विषयच काढू नकोस." एका घरात राहून! त्यांचं मन मोडून मला ते मशीन बंद करायचं नाहीये. आणि बंद तर करायचंच आहे.

६ जून, शुक्रवार

माती खाल्ली.

नियम वरून खाली वाचले जातात. पहिला लागू पडला की पुढचे कोण बघतो! "वेबपानाच्या पत्त्यात 'पुस्तक' हा शब्द असेल तर शोधाकडे" हा नियम मी सगळ्यात वर ठेवला. मुदतवाढीच्या पत्त्यातही पुस्तक आहेच की. दोन तास सगळ्या मुदतवाढी शोधात जाऊन पडल्या. ग्रंथपाल बाईंचा फोन — "अगं, एका गृहस्थांना बागकामाचं एक पुस्तक आणखी आठवडाभर हवंय, तर त्यांना सत्तर दाखवतंय! ते म्हणतात, मला बाग नाही, दोन कुंड्या आहेत!"

जेवताना मी नुसता भात चिवडत होते. आप्पा ताटातून मान वर न करता म्हणाले, "नेमका नियम वर. ऐसपैस नियम खाली."

म्हणजे यांना सगळं माहीत! मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ताटाकडे.

११ जून, बुधवार

आता लपवायचं काय उरलं? आप्पांना सरळ विचारलं. वाचनकक्षातले जुने कॉम्प्युटर छळताहेत — काय हवंय ते पत्त्यात सांगतच नाहीत. आप्पांनी चष्मा पुसला, पेन्सिल मागितली. "पत्ता बघत बसू नकोस. ते पाठवतात तो फॉर्म उघडून आत बघ. तिसरी ओळ."

तिसऱ्याच ओळीत होतं! मग तासभर शिकवणी. मधेच माझ्या नियमांना "बरे आहेत" म्हणाले. नवरा सांगतो, त्याला उभ्या आयुष्यात "बरे" मिळालेलं नाही. बिचारा जरा फुगलाच.

१७ जून, मंगळवार

थोरल्याकडे रोज नऊ हजार रिक्वेस्ट यायच्या. आज चौदा! जेवताना ओरडूनच सांगितलं.

आप्पा म्हणाले, "मीठ दे."

१८ जून, बुधवार

चौदा.

१९ जून, गुरुवार

पुन्हा चौदा! हे काय गौडबंगाल?

२० जून, शुक्रवार

एकेक उघडून बघितली. चौदाही सकाळी दहा ते अकराच्या मधे आलेल्या. चौदाही जुन्या पानांसाठी — जी आता साइटवर कुठे दिसतही नाहीत, पत्ता पाठ असेल तरच उघडतात. आणि येतात कुठून? आमच्या घरातून!

मी ऑफिसला निघाले की आप्पा रोज आपली चौदा पानं एकामागून एक उघडून बघतात. माळी झाडांमधून फेरी मारतो तसे. आधी खूप हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणाला बोलले नाही, फक्त नवऱ्याला सांगितलं.

२६ जून, गुरुवार

चारच दिवस राहिले. ऑफिसातले प्रमुख येता-जाता विचारतात, "शून्य कधी?" एका ओळीच्या नियमाने त्या चौदा भलतीकडे वळवता येतील. लिहिलाही. पण पहिल्याच पानाला आप्पा ओळखतील की सुनेने दार लावून घेतलं. खोडला.

नवरा म्हणाला, "सांगून टाक ना त्यांना." म्हटलं, तू सांग. तो लगेच मटार सोलायला बसला. कधी नव्हे ते!

२८ जून, शनिवार

आज सांगणारच होते. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तर आप्पाच चहा घेऊन आले — माझ्यासाठी! "दमलीस गं," म्हणाले. मग कुठलं सांगणं!

तारीख पुढे ढकलायची परवानगी मागेन झालं. प्रमुख ओरडतील. ओरडू देत.

३० जून, सोमवार

अकरा वाजता मोजणी बघितली — शून्य. ज्यासाठी महिनाभर जीव टाकला, ते बघून पहिलं मनात आलं, आप्पा बरे आहेत ना? घरी फोन लावला, कुणी उचलेना. पळतच जिना उतरले.

खाली ऑफिसच्या दारात आप्पा! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"आज नाही उघडली पानं. तुझी मोजणी बिघडली असती," म्हणाले. "चल. बटण मी दाबतो. तू शेजारी उभी राहा."